घरच्या घरी भजन रेकॉर्ड करायचंय, मल्टिट्रॅक रेकॉर्डर कोणता घ्यावा? (सोलापूर)

काळी_पाच

नमस्कार मंडळी.

साखर पेठेत आमचं छोटं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी बसतो. पेटी, पखवाज, चार-पाच टाळकरी, मुख्य गाणारे आमचे थोरले काका आणि मागे धरायला आम्ही दोघं-तिघं. काकांचं आता वय झालंय. त्यांच्याकडे काही अभंगांच्या जुन्या चाली आहेत. त्या त्यांच्या गुरूंकडून तोंडी आलेल्या, वहीत शब्द आहेत पण चाल कुठेच उतरवलेली नाही. ते गातात तोवर नीट ध्वनिमुद्रण व्हावं एवढीच इच्छा.

फोनवर करून पाहिलं, टाळ सोडून काही ऐकू येत नाही. गेल्या वर्षी एका स्टुडिओतही गेलो होतो. त्यांनी आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या एकसारख्या टकटक ठोक्यावर) पेटी घेतली, मग पखवाज, आणि शेवटी काकांना काचेआड एकटं उभं करून हेडफोन लावला. दोन ओळी म्हटल्या आणि काकांनी हेडफोन काढून ठेवला. "समोर कुणीच नाही, म्हणू कुणासाठी?" पैसे तर गेलेच.

म्हणून आता घरीच करायचं ठरवलंय. नेटवर बघितलं तर ४ ट्रॅक, ८ ट्रॅक, १६, २४, ३२ अशी मशिनं दिसतात. ८ ट्रॅकचं एक लहान मशीन बजेटमध्ये बसतंय. आम्ही आठच्या आसपासच माणसं, म्हणजे पुरेल ना? लॅपटॉप आहे, पण जुना आहे आणि त्याचा पंखाच पखवाजापेक्षा मोठ्यानं वाजतो. बजेट तीस हजार, ओढून ताणून चाळीस. शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे हेही सांगून ठेवतो.

शेंगाचटणी

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. आमच्या गल्लीतही हेच चाललंय, फक्त तेलुगू भजनं.

खर्जातला

मी मूळचा सोलापूरचाच, सध्या पुण्यात. माझं मत सरळ आहे: रेकॉर्डर घेऊ नका. त्याच पैशात ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) घ्या आणि लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून एसएसडी टाका. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे, साठ दिवस पूर्ण चालतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स साठ डॉलरला. मोठ्या स्क्रीनवर माऊसनं कापाकापी करणं आणि रेकॉर्डरच्या चिमुकल्या डिस्प्लेवर बटणं दाबत बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढे मिक्सिंग (सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणं) करायला शेवटी कॉम्प्युटरच लागणार, मग मधला टप्पा कशाला?

वायरमन

मालक, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग मशीन बघा.

"८ ट्रॅक" म्हणजे त्या मशिनवर आठ वेगवेगळे आवाज साठवता येतात. एका वेळी किती आवाज आत घेता येतात हा आकडा वेगळा असतो, आणि तो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. ट्रॅक म्हणजे घागरी, इनपुट म्हणजे नळ. घागरी आठ आणि नळ दोन. आपल्याकडे पाणी आल्यावर काय महत्त्वाचं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

उदाहरणार्थ टॅस्कॅम कंपनीचं डीपी-००८ईएक्स, आठ ट्रॅक, पण एका वेळी दोनच. झूम कंपनीचं जुनं आर-८ आणि नवं टचस्क्रीनवालं आर-१२, दोन्ही आठ ट्रॅकची, एका वेळी दोनच. एकटा माणूस गिटार वाजवतो, मग त्यावर गातो, मग त्यावर अजून काही वाजवतो, त्याच्यासाठी ही मशिनं झकास आहेत. एक झालं की दुसरं, थर चढवत जायचं. तुम्हाला थर चढवायचे नाहीत, सगळे एकदम बसणार आहात.

एका वेळी आठ घेणारी मशिनं म्हणजे टॅस्कॅम डीपी-२४एसडी आणि डीपी-३२एसडी, झूमचं जुनं आर-१६ आणि आता मिळतं ते आर-२०. यातलं बघा. ट्रॅक चोवीस असोत की सोळा, तुम्हाला फरक पडणार नाही.

आणि खर्जातला साहेब, दोन इनपुटचा इंटरफेस घेतला तर त्यांची अडचण जशीच्या तशी. आठ माईकवाला इंटरफेस घ्यायचा, वर लॅपटॉप सुधारायचा, तर चाळीसात कसं बसवणार?

काळी_पाच

वायरमन दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदार तर "आठ ट्रॅक म्हणजे आठ माणसं" असंच म्हणत होता.

पण मग असं विचारतो: दोन इनपुटचं घेऊन आधी काका आणि पेटी, नंतर पखवाज, नंतर टाळ असं नाही का करता येणार? स्वस्तात पडेल.

मृदंगमणी

राम कृष्ण हरी. मी पंढरपूरचा, पखवाज वाजवतो.

करता येईल, पण भजन राहणार नाही. भजनाची लय स्थिर नसते हो. सुरुवातीला ठाय (संथ), मग हळूहळू चढते, शेवटी गजराला तर दुप्पट. ती कोण चढवतो? कुणीच एकटा नाही. गाणारा पखवाजाकडे बघतो, पखवाजी टाळकऱ्यांच्या हाताकडे बघतो, आणि सगळे मिळून पुढे सरकतात. पखवाज मागाहून वाजवायला बसवलं तर मी काकांच्या मागे धावत राहणार, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळणार. क्लिक लावून भजन म्हणजे तर बोलायलाच नको. तुमच्या काकांनी हेडफोन काढून ठेवला ते बरोबरच केलं.

दुसरं, एका दिवशी पेटी आणि आठवड्यानं पखवाज असं केलं तर सूरही हलतो. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं, सूर उतरतो. एप्रिल-मेमध्ये कोरड्या हवेत ताणलं जातं, सूर चढतो. डाव्या बाजूला लावलेली कणीक तर पंख्याखाली अर्ध्या तासात सुकते आणि धुमाचा (डाव्या पुडीचा) खर्ज निघून जातो. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वाटीत पाणी आणि भिजवलेली कणीक जवळ ठेवा, प्रत्येक अभंगाआधी हात फिरवा. आधी पेटीचा सूर घ्यायचा, मग त्यावर पखवाज लावायचा. पेटी काही तुमच्यासाठी हलणार नाही.

जुना_फोरट्रॅक

ही चर्चा वाचून बरं वाटलं. मी ऐंशीच्या दशकातला माणूस. ही घरगुती मल्टिट्रॅकची कल्पना साध्या कॅसेटवर आली ती १९७९ साली, टॅस्कॅमच्या १४४ पोर्टास्टुडिओनं. नेहमीच्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच दिशेनं वापरून चार ट्रॅक काढायचे आणि टेप दुप्पट वेगानं पळवायची. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधरा मिनिटांचं काम, आणि कॅसेट उलटायची सोय नाही.

चार ट्रॅक संपले की तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, आणि मोकळ्या झालेल्या तीनवर पुन्हा नवं घ्यायचं. बाउन्स म्हणतात त्याला. दर वेळी टेपची खरखर वाढायची. आता डिजिटलमध्ये खरखर वाढत नाही, पण एक अडचण तशीच आहे: बाउन्स करताना टाळ जोरात गेले तर ते कायमचे जोरात. मूळ ट्रॅक पुसू नका, कार्डावर जागा भरपूर असते.

जाता जाता: त्या काळी आपल्याकडे भजनाच्या कॅसेटी बहुतेक दोन माईक लावूनच निघायच्या आणि आजही ऐकायला गोड लागतात. सगळं श्रेय माईक कुठे ठेवला आणि माणसं कुठे बसवली याला.

खर्जातला

जुना_फोरट्रॅक काकांच्या शेवटच्या वाक्याला +१.

वायरमन, इनपुटचा मुद्दा मान्य. आठ माईक आणि लॅपटॉप मिळून बजेट फुटणार हेही मान्य. पण मग असं मशीन घ्या जे नंतर यूएसबीनं जोडल्यावर इंटरफेस म्हणूनही चालेल. आर-१६ आणि आर-२० दोन्ही चालतात. म्हणजे आज कार्डावर घ्या, उद्या चांगला लॅपटॉप आला की तेच मशीन त्याला जोडा. आणि रेकॉर्डरवर मिक्सिंग करत बसू नका, वेव्ह फाइली कार्डावरून कॉम्प्युटरला घ्या. मिक्सिंगला जुना लॅपटॉपही पुरतो, तेव्हा त्याच्या पंख्यानं काही बिघडत नाही.

शेंगाचटणी

प्रश्न: आमच्या मंडळाकडे मिक्सर आहे, बारा चॅनेलचा, त्याला यूएसबी पण आहे. मग त्यातूनच रेकॉर्ड होईल की! वेगळं मशीन कशाला?

वायरमन

शेंगाचटणी, हे फार लोकांचं होतंय बे. बहुतेक साध्या मिक्सरच्या यूएसबीमधून फक्त दोन ट्रॅक बाहेर येतात, डावा आणि उजवा. बाराच्या बारा चॅनेल आधी एकमेकांत मिसळून जातात. नंतर टाळ कमी करायचे म्हटलं तर काका पण कमी होतात. आणि काही मिक्सरमध्ये तर ते यूएसबी नुसतं पेनड्राइव्हवरची गाणी वाजवायला असतं.

प्रत्येक चॅनेल वेगळा लिहिणारे मिक्सर आहेत. टॅस्कॅमचं मॉडेल-१२, झूमचं लाइव्हट्रॅक एल-१२. एल-१२ मध्ये तर पाच हेडफोनचे पाच वेगळे मिक्स देता येतात. कार्यक्रम पण करायचे आणि रेकॉर्ड पण करायचं असेल तर ते बघा, पण तो खर्च वेगळा. तुमच्या मिक्सरचं पुस्तक उघडा आणि "मल्टिट्रॅक" हा शब्द शोधा. नसेल तर नाही.

सुरपेटी

मी जुळे सोलापूरला पेटी शिकवते. मशिनांतलं मला फार कळत नाही, पण पेटीच्या माईकबद्दल सांगते, कारण तिथे हमखास गडबड होते.

साउंडवाले येतात आणि माईक थेट भात्याजवळ आणून ठेवतात. मग रेकॉर्डिंगमध्ये सुरांपेक्षा भात्याचा फुस-फुस आवाज जास्त. शिवाय पट्ट्यांची टकटक. माईक पेटीच्या वरून, साधारण सव्वा ते दीड फूट उंच, भात्याच्या विरुद्ध बाजूला थोडा सरकवून खाली रोखायचा. वरची जाळी उघडी ठेवायची की झाकायची हे दोन्ही करून ऐका. जुन्या पेटीला झाकून गोड लागतं, नवीनला बऱ्याचदा उघडी बरी. आणि बिजागऱ्यांना, भात्याच्या खिटीला आधी थोडं तेल द्या. खोलीत कुणाला जाणवत नाही इतकी बारीक करकर माईक बरोबर पकडतो.

पंखा बंद ठेवावाच लागेल. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पंखा बंद करून माणसं बसवणं म्हणजे छळ आहे, म्हणून पहाटे साडेपाच-सहाला बसा. माग पण तेव्हा थोडे शांत असतात आणि काकांचा आवाजही सकाळी मोकळा असेल. हो, काकांची पट्टी कोणती? काळी एक असेल तर पेटीवरही तीच ठेवा. रेकॉर्डिंगच्या हौसेनं वर चढवू नका, वयस्कर माणूस पाचव्या अभंगाला दमतो.

काळी_पाच

ताई, काळी एकच आहे. कधी कधी पांढरी एक. (माझं आयडी काळी पाच, म्हणजे बरीच वरची पट्टी, हे निव्वळ कॉलेजच्या वेळच्या घमेंडीतून.)

आता माईक किती आणि कोणाला हे सांगा. काकांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, मागच्यांना एक किंवा दोन, टाळाला...?

मृदंगमणी

टाळाला माईक लावूच नका!

टाळ सगळ्यांच्या माईकमध्ये येतातच, तेवढे पुरतात. कसरत करायची ती टाळ कमी यावेत म्हणून. गाण्याचे जे नेहमीचे माईक असतात ते समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतात. आता आपण भजनाला कसे बसतो? गाणारा पुढे, टाळकरी त्याच्या मागे किंवा दोन्ही अंगांना. म्हणजे माईक काकांकडे रोखला की तो आपोआप मागच्या टाळकऱ्यांकडेही रोखला जातो. मग टाळ काकांच्या आवाजावर चढणार नाहीत तर काय होणार?

म्हणून बैठक उलटी करा. टाळकऱ्यांना काकांच्या समोर बसवा, माईकच्या पाठीमागे, सहा-सात फुटांवर. माईकची पाठ टाळांकडे. काकांनाही समोर माणसं दिसतात, त्यांना हवंय तेच. टाळ थोडे हातात दाबून वाजवायला सांगा, गजराला मात्र मोकळे सोडा, नाहीतर ती मजा नाही.

पखवाजाला दोन माईक ठीक. उजव्या बाजूला शाईपासून (मधल्या काळ्या गोलापासून) एक वीत लांब, थोडा कलता. डाव्याला जरा जास्त अंतर ठेवा. साधे माईक अगदी जवळ नेले की खर्ज फुगवून दाखवतात, मग नुसतं घूं घूं ऐकू येतं.

वायरमन

मृदंगमणी बुवांनी शंभर नंबरी सांगितलं. त्यात माझी भर:

माईकमधलं अंतर बघा. काकांच्या तोंडापासून माईक एक वीत असेल तर त्याच्या शेजारचा दुसरा माईक निदान तीन विती लांब पाहिजे. एकच आवाज दोन माईकमध्ये थोड्या अंतरानं गेला की मिक्स करताना आवाज पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा.

मोजून बघा: काका एक, पेटी एक, पखवाज दोन, मागे धरणाऱ्या तिघांना मिळून एक. पाच झाले. दोन माईक खोलीत उंचावर, सगळ्यांसमोर, पूर्ण बैठक पकडायला. सात. आठवं इनपुट मोकळं राहू द्या, एखादी वायर ऐनवेळी दगा देतेच. डायनॅमिक माईक पुरतात, शुअरचे एसएम५७, एसएम५८ जातीचे. खोलीतले दोन मात्र कंडेन्सर (जास्त बारीक ऐकणारे) घेतले तर बरं, त्याला फँटम पॉवर, म्हणजे मशिननं माईकच्या वायरीतून दिलेली वीज लागते, ४८ व्होल्ट.

इथे एक मेख आहे. जुन्या आर-१६ ला फँटम आठही इनपुटला नाही, फक्त पाच आणि सहा नंबरला आहे. गिटारचा पिकअप थेट घ्यायचं हाय-झी फक्त एक नंबरला. तुमच्या कामाला दोन पुरतात, म्हणून ते मशीन तुम्हाला चालेल. दुसऱ्या कुणाला चार कंडेन्सर लावायचे असतील तर चालणार नाही.

माईक विकत घेऊ नका पहिल्यांदा. साउंडवाल्याकडून दिवसाच्या भाड्यानं घ्या, सीझन नसताना कुणी पण देतं. गड्ड्याच्या यात्रेत, गणपतीत, लग्नसराईत मात्र विचारू नका, शिव्या खाल.

काळी_पाच

खोलीबद्दल. दोन पर्याय आहेत. नवीन हॉल, आरसीसी, टाइल्स, वर स्लॅब, चांगला प्रशस्त. दुसरी मागची जुनी खोली, माळवदाची (वर मातीचं सपाट छप्पर), मातीच्या भिंती, खाली शेणानं सारवलेलं होतं, आता शहाबादी. लहान आहे. आणि मागांचा आवाज दोन्हीकडे येतो, हॉलमध्ये जास्त.

शेंगाचटणी म्हणतो भिंतीला चादरी लटकवा. सोलापुरात चादरींना काय तोटा!

शेंगाचटणी

जीआय टॅगवाली साउंडप्रूफिंग. पेटंट माझं.

वायरमन

हसू नका, चादरी कामाच्या आहेत, पण कशाच्या कामाच्या ते समजून घ्या. बाहेरचा आवाज चादरीनं थांबत नाही. त्याला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, बंद खिडकी, दाराच्या फटीत कोंबलेलं पोतं. चादर आतला घुमणारा आवाज शोषते, तोही वरचा, टाळांचा नि "स-श"चा. पखवाजाच्या डाव्याला चादर काही करत नाही, त्याला कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा.

आणि चादर भिंतीला चिकटवून ठोकू नका. दुहेरी करून, भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर सोडा. भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ नसते, थोडं पुढे असते, आणि कापड तिथेच आवाज खातं. एवढ्या एका गोष्टीनं त्याच चादरीचं काम वाढतं.

खोली: डोळे झाकून जुनी माळवदाची. मातीची जाड भिंत मागांचा आवाज अडवते, वरचे लाकडी सर आणि खालीवर असलेली भिंत आवाज विखुरतात. हॉलमध्ये टाळी वाजवून बघा आणि तिथे वाजवून बघा, मशीन नसतानाही फरक कळेल. मागांची धडधड जमिनीतून पण येते, स्टँडमधून माईकमध्ये चढते. प्रत्येक स्टँडच्या पायाखाली घडी केलेली चादर ठेवा. इथे मात्र शेंगाचटणीच्या पेटंटला मी सलाम करतो. गाण्याच्या आणि पेटीच्या माईकला ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा) लावा, पखवाजाच्या डाव्याला लावू नका.

खर्जातला

शंभर टक्के सहमत. सोबत विजेचं बघा. सगळी मशिनं, चार्जर एकाच बोर्डवर, अर्थिंग असलेल्या पॉइंटवर. हूं असा आवाज येत असेल तर आधी पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट बंद करून बघा. लाइट गेली आणि स्वस्तातला इन्व्हर्टर लागला की आवाजात भुरभुर येते, कारण त्याची लहर गुळगुळीत नसते. आर-१६ सहा पेन्सिल सेलवर चालतं, पण फँटम चालू असेल तर सेल पटकन संपतात. नवे सेल घालून बसा आणि जास्तीचे जवळ ठेवा. मोबाइल सगळ्यांचे फ्लाइट मोडवर, नुसते सायलेंट नव्हे. टॉवरशी बोलताना मोबाइल जो टर्र-टर्र आवाज करतो तो माईकच्या वायरीत शिरतो.

काळी_पाच

अपडेट. सोलापुरातच एक वापरलेलं आर-१६ मिळतंय. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकाचं आहे, त्यांनी आता लॅपटॉप घेतलाय. आमच्या बजेटच्या आतच बसतंय. मंडळातल्या सगळ्यांनी वर्गणी काढायचं कबूल केलंय. घेऊ का? जाताना काय तपासू?

वायरमन

घ्या, पण एक चांगला माईक, एक कंडेन्सर, एक वायर, हेडफोन आणि स्वतःचं एसडी कार्ड घेऊन जा. २००९ चं मॉडेल आहे, वय झालंय त्याचं.

एकेक करून आठही इनपुटला माईक लावा. खोबण हलवून बघा, खरखर झाली तर सोल्डर तुटलंय. गेनची (माईकचा आवाज वाढवायची) खुंटी शून्यापासून वरपर्यंत फिरवा, मध्ये आवाज तुटतो का ऐका. फेडर (सरकवायच्या खुंट्या) सगळे वरखाली करा, मधेच उडी मारतात का. पाच आणि सहावर फँटम लावून कंडेन्सर बोलतो का बघा. मग आठही ट्रॅक एकदम रेकॉर्डला लावून पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, नुसतं दोन मिनिटं बघून परत येऊ नका. जुन्या मशिनचं कार्डाचं खाचं गरम झाल्यावर दगा देतं. शेवटी कार्ड काढून फोनवर किंवा लॅपटॉपवर फाइली उघडतात का बघा. अडॅप्टर मूळचा आहे का ते विचारा, नसेल तर व्होल्ट आणि प्लस-मायनस मशिनच्या मागे लिहिलेलं जुळवा.

जुना_फोरट्रॅक

कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेऊ नका, जुन्या मशिनांना चालेलच असं नाही. नव्या कार्डाला मशिनमध्येच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढायचं नाही आणि स्विच बंद करायचा नाही.

जागेचा हिशोब सांगतो. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या दर्जावर एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८ एमबी घेतो. आठ ट्रॅक म्हणजे ६४ एमबी, तासाला पावणेचार जीबीच्या आसपास. ३२ जीबीत आठ तास बसतात. म्हणून १६ बिटवर जागा वाचवत बसू नका. प्रत्येक अभंगाला नवीन प्रोजेक्ट उघडा. तासभर सलग चालू ठेवलं तर नंतर शोधताना जीव जातो.

सुरपेटी

आवाजाची पातळी ठेवायला एक सांगू का? शिष्यांचं रेकॉर्डिंग करताना मी पाहते, अभंगाची पहिली ओळ म्हणून घेतात आणि त्यावर मीटर लावतात. मग गजर आला की सगळं लाल. आधी गजर करून घ्या, पूर्ण जोरात, विठ्ठल विठ्ठल करून, आणि त्यावर मीटर लावा.

खर्जातला

ताई, हे मी वहीत लिहून ठेवतो! आकड्यात सांगायचं तर गजराचं शिखर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्यापर्यंत नेऊ नका. २४ बिटमध्ये हळू घेतलेला आवाज नंतर वाढवता येतो. एकदा फाटलेला आवाज मात्र परत शिवता येत नाही. नव्या काही मशिनांत, उदाहरणार्थ झूम आर-४ मध्ये, ३२ बिट फ्लोट आहे, तिथे ही काळजी बरीच कमी होते. पण त्याला माईकचे जॅक दोनच, म्हणजे पुन्हा वायरमनच्या नळांवर आलो.

काळी_पाच

घेतलं! पाच आणि सहाचं फँटम चालू, सात नंबरच्या फेडरला थोडी खरखर आहे, बाकी ठीक. वीस मिनिटं आठही ट्रॅक चालवले, कार्ड नीट उघडलं. फेडरच्या खरखरीवर बोलून थोडी किंमतही कमी झाली.

काल जुन्या खोलीत नुसती तालीम केली, काकांना न सांगता रेकॉर्ड लावून. टाळकरी समोर बसवले. काका म्हणाले, "आज सगळे तोंडासमोर कसे?" आणि तीन अभंग सलग म्हटले. ट्रॅक वेगळे ऐकले तर काकांच्या माईकमध्ये टाळ आहेत, पण मागे आहेत. शब्द न् शब्द कळतो. पखवाजाच्या डाव्याला अजून घुमारा जास्त येतोय.

मृदंगमणी

डाव्याचा माईक अजून चार बोटं लांब न्या आणि थेट मध्यभागी न रोखता कडेकडे वळवा. तरी राहिलं तर कणीक थोडी कमी करा.

जुना_फोरट्रॅक

फाइलींना नावं आजच द्या. अभंगाचा पहिला शब्द, संताचं नाव, पट्टी, तारीख. आणि काकांना प्रत्येक चालीआधी माईकवर दोन वाक्यं बोलू द्या, चाल कुणाकडून आली, कुठे म्हणायचे. तेही त्याच ट्रॅकवर राहील. कार्डाची एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्डडिस्कवर, ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

वायरमन

सात नंबरचा फेडर मी बघतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारलं की बहुतेक जाईल. तिथे पाणी, डिझेल, डब्ल्यूडी-४० काही मारू नका. खरं रेकॉर्डिंग कधी ठरवलंय? गुरुवारी पहाटे असेल तर मी येतो, सात स्टँड आणि पाच माईक आणतो, भाडं नको. कंडेन्सर दोन तुम्ही बघा. आणि एक्सएलआर (माईकच्या) वायरी निदान नऊ ठेवा, त्यातली एक हमखास मेलेली निघते.

काळी_पाच

गुरुवारीच. साडेपाचला चहा तयार असेल.